भरलेल्या दाताचा रंग का बदलतो?

प्रश्न : समोरच्या दाताचा तुटलेला कोपरा मी तीन वर्षांपूर्वी कंपोझिटने भरून घेतला होता, तो आता पिवळसर दिसतो. दाढेसाठी मात्र डॉक्टरांनी झिर्कोनियाची, म्हणजे एका कठीण सिरॅमिकची, कॅप सुचवली आहे. झिर्कोनिया इतका मजबूत आहे, तर समोरच्या दातालाही तोच का नको?

उत्तर : जे मजबूत असते त्याचाच रंग टिकतो, असा आपला समज दिसतो, पण या दोन गुणांची कारणे वेगळी आहेत. वाकवून मोडण्याच्या चाचणीत कंपोझिट साधारण 80 ते 160 मेगापास्कल ताण सोसते आणि दाढांसाठीचा नेहमीचा झिर्कोनिया 900 ते 1200. जुन्या पद्धतीचे पोर्सेलिन या चाचणीत कंपोझिटच्याही मागे पडू शकते, तरीही त्याचा रंग वर्षानुवर्षे टिकतो, कारण त्यात रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ, नसते. कंपोझिट म्हणजे रेझिनमध्ये बसवलेले काचेचे बारीक कण. त्यातले रेझिन तोंडातला ओलावा हळूहळू शोषते आणि त्यासोबत चहा-कॉफीचा रंगही आत घेते. भरताना रेझिन कडक करणारा प्रकाश नीट पोहोचला नसेल, तर ते अर्धवट कच्चे राहते आणि डाग अधिकच लवकर धरते.

झिर्कोनियातही तडजोड असतेच. समोरच्या दातांसाठी त्याचा अधिक पारभासक प्रकार मिळतो. त्यात यिट्रिया या मिसळलेल्या ऑक्साइडचे प्रमाण वाढवलेले असते, पण त्यामुळे ताकद बरीच घटते. शिवाय कॅप बसवायची म्हणजे दात चहूबाजूंनी घासावा लागतो. एका कोपऱ्यासाठी एवढे निरोगी इनॅमल घालवणे मला तरी पटत नाही.

आधी पिवळेपणा नेमका कुठे आहे, ते डॉक्टरांकडून पाहून घ्या. तो केवळ पृष्ठभागावर असेल, तर पुन्हा पॉलिश केल्याने बराचसा निघतो, आणि अनेकदा तेवढ्यावरच भागते. भरण आणि दात यांच्या सांध्यावर बारीक काळी रेघ दिसत असेल, तर तिथे फट पडली आहे का, आत कीड शिरली आहे का, हे तपासावे लागेल. रंग आतपर्यंत मुरला असेल, तर वरचा थर काढून नवे कंपोझिट बसवता येते. तसे करायचे ठरल्यास शेड, म्हणजे भरणाची रंगछटा, दात ओला असतानाच, काम सुरू होण्यापूर्वी निवडायला सांगा. कोरडा पडलेला दात असतो त्यापेक्षा पांढरा दिसतो आणि त्यावरून निवडलेली शेड पुढे जुळत नाही.