ओळखीचा रस्ता बंद असला तरी आपण ठिकाणावर बरोबर कसे पोहोचतो? मेंदूत जीपीएस असतो का?

माझे वडील सोलापुरात रिक्षा चालवतात. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला की होम मैदानाच्या आसपास रिक्षा घालायची सोय नसते. तरी स्टेशनवरून कन्ना चौकाचं भाडं मिळालं की बाबा कुठल्यातरी बोळात शिरतात आणि बरोबर चौकात निघतात. कसं जमतं विचारलं तर म्हणतात, "त्यात काय, चौक तिकडं आहे की!"

तुमच्या प्रश्नाचं मर्म या 'तिकडं'मध्येच आहे.

'मेंदूतला जीपीएस' हे जॉन ओकीफ आणि मोझर दांपत्याला मिळालेल्या २०१४ च्या नोबेलपासून सगळीकडे छापून येतं. ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी सांभाळणाऱ्या भागात, अशा पेशी (जागा-पेशी) आढळल्या, ज्या उंदीर ठरावीक जागी आला की जाग्या होतात. २००५ मध्ये मोझर दांपत्याच्या गटाला शेजारच्या भागात जागेची जाळीसारखी आखणी करणाऱ्या पेशी सापडल्या. छानच. पण यातून 'मी कुठे आहे' एवढंच कळतं, आणि तेवढं तर स्टँडवर उभ्या रिक्षावाल्यालाही ठाऊक असतं. जायचं कुठे, हे कोण सांगणार?

ते वटवाघळांनी सांगितलं. इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये फळं खाणारी वटवाघळं खोलीत उडवली आणि उतरायच्या जागी खाऊ ठेवला. हिप्पोकॅम्पसमधल्या काही पेशी त्या जागेच्या दिशेनुसार जाग्या होत होत्या, म्हणजे ती समोर आहे, डावीकडे आहे की मागे. काही पेशी तिथवरचं अंतर धरून होत्या. मग त्या जागेपुढे पडदा लावला. ती दिसेनाशी झाली, तरी दिशेच्या पेशी तिच्याकडे बोट दाखवतच राहिल्या! बाबांचं 'तिकडं' ते हेच, असं मला वाटतं. बोळातून चौक दिसत नसतोच.

वाट निवडायचं काम वेगळं. २०१३ च्या एका प्रयोगात उंदीर खाऊच्या ओळखीच्या खळग्याकडे निघण्याआधी त्याच्या जागा-पेशी क्षणार्धात पुढच्या वाटेच्या क्रमाने जाग्या झाल्या. पाऊल उचलण्याआधीच मेंदू तिथवर जाऊन आला होता.

या प्राण्यांच्या पेशी टिपायला मेंदूत बारीक तारा घालतात; माणसाच्या मेंदूत त्या सहसा घालता येत नाहीत. पण लंडनच्या टॅक्सीवाल्यांचं स्कॅन २००० मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला, आणि जितकी वर्षं टॅक्सी चालवली तितका जास्त. हे बाबांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं गड्डा भरतो का?"