दुकानातून वस्तू उचलल्याची पहिलीच केस, पुढच्या आठवड्यात कोर्टाची तारीख. गुन्हा कबूल करून एकदाचं मोकळं व्हावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 20, दुकानातून 1,900 रुपयांचा हेडफोन बॅगेत टाकून निघालात, दारातच पकडलं, वस्तू जागेवर परत गेली, आता समन्स हातात आहे. घरातले म्हणतात, पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल कर, दंड भर आणि विषय संपव. तुरुंग होईल का आणि पुढे नोकरीचं काय, हेही तुम्ही विचारलंय.

'दंड भर आणि विषय संपव' हे वाचलं आणि बाकीची कामं बाजूला ठेवून लिहायला बसले. हेच वाक्य 2016 साली मला माझ्या काकांनी ऐकवलं होतं. आमचं त्यावरून झालेलं भांडण आजही मिटलेलं नाही.

तर आधी उत्तर: वकिलाला कागद दाखवल्याशिवाय कबूल म्हणू नका. तुरुंगाचं म्हणाल तर पहिल्या वेळी, एवढ्या रकमेसाठी, शक्यता फार कमी. पण घाईत दिलेली कबुली पुढे प्रत्येक फॉर्मवर लिहावी लागते, आणि ती लिहायला घरातलं कुणी येत नाही.

आता माझं सांगते. मी 24 वर्षांची होते. परफ्यूमची बाटली होती, 840 रुपयांची. चुकून पर्समध्ये राहिली, पिशवीत कुणी टाकली, असलं काही नाही. मी ती चोरली होती. पर्समध्ये पैसे होते. का उचलली, हे तेव्हा आईलाही नीट सांगता आलं नाही आणि आजही येत नाही.

मला दुकानाच्या मागच्या खोलीत नेलं. टेबलावर काच होती आणि काचेखाली आधी पकडलेल्या लोकांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स ओळीने लावून ठेवल्या होत्या. मॅनेजरने कोरा कागद पुढे केला. "माफीनामा लिहून द्या, सोडतो." तो सांगत गेला, मी लिहीत गेले. 'मी यापूर्वीही या दुकानातून अनेक वेळा वस्तू नेल्या आहेत' हे वाक्य आलं तेव्हा माझं पेन थांबलं. मी म्हटलं, हे खरं नाही. तो म्हणाला, "सगळेच लिहितात, फॉरमॅट आहे तो." मी लिहिलं. खाली सही, तारीख, मोबाइल नंबर. थोड्या वेळाने पोलीस आले आणि तोच कागद त्यांच्या हातात गेला.

ही माफीनाम्याची पद्धत निव्वळ दादागिरी आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 25 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 23 आहे. पण मॅनेजर पोलीस नाही. त्याच्यापुढे तुमच्याच अक्षरात लिहिलेला कागद कोर्टासमोर येऊ शकतो, आणि तो धाक दाखवून लिहून घेतला हे सांगत बसायची वेळ तुमच्यावर येते. तुमच्याकडून असं काही लिहून घेतलं असेल तर वकिलाला सगळ्यात आधी ते सांगा, शब्द न् शब्द आठवून.

संध्याकाळ झाली होती म्हणून पोलिसांनी मला अटक केली नाही, दुसऱ्या दिवशी हजर राहायला सांगितलं. सूर्यास्तानंतर बाईमाणसाला अटक करायला अपवादात्मक कारण आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते, हे तेव्हा मला माहीतही नव्हतं. बाबा घ्यायला आले. त्यांनी वाटेत एकदाच विचारलं, "पैसे कमी पडत होते का?"

काका कोर्टात बेलिफ होते, 30 वर्षं नोकरी झालेली. घरात कायद्याचा शब्द त्यांचा. चार्जशीट झाली, समन्स आलं, आणि काकांनी सगळं ठरवून टाकलं. "साहेब विचारतील, गुन्हा कबूल आहे का? मान खाली घालून हो म्हणायचं. किरकोळ दंड होईल, दुपारी घरी. वकील केलास की तारखा पडत राहणार, चार लोकांना कळणार." बाबांना हे पटलं. त्यांना फक्त हे संपायला हवं होतं, आणि त्याबद्दल माझा त्यांच्यावर राग नाही.

पहिल्या तारखेला आम्ही सकाळी साडेदहापासून बाकावर बसलो होतो. माझ्या आधी एका मुलाचा पुकारा झाला. कसली केस होती कळलं नाही. साहेबांनी विचारलं, त्याने हो म्हटलं, क्लार्कने कागद सरकवला, त्याने सही केली आणि तो दंड भरायला बाहेर गेला. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. काकांनी मागून माझ्या खांद्याला हात लावला, म्हणजे बघ, किती सोपं आहे. पण मी बघत होते त्या मुलाच्या सहीकडे. त्याने कागद वाचला नव्हता. मीही मागच्या खोलीत अशीच सही केली होती.

माझा पुकारा झाला. मी म्हटलं, "सर, मला वकील हवा आहे." मागे काकांनी जोरात श्वास सोडला तो मला ऐकू आला. साहेबांनी वर पाहिलं, परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा म्हणाले आणि पुढची तारीख दिली. घरी जाताना गाडीत कुणीही बोललं नाही.

विधी सेवेचा वकील मोफत मिळतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, लहान मुलं आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्या बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे. कार्यालय जिल्हा कोर्टात असतं, तालुक्याला समिती असते, आणि 15100 या नंबरावर फोन करता येतो. फुकटचा वकील म्हणजे बिनकामाचा, असं काका म्हणाले होते. मला मिळालेल्या वकीलबाईंनी माझी चार्जशीट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माझ्यासमोर वाचली. एवढं त्याआधी कुणीच केलं नव्हतं.

त्यांनी दोन ठिकाणी बोट ठेवलं. एक, माफीनाम्यातलं 'अनेक वेळा'. दुसरं, कलम. पोलिसांनी तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतलं साध्या चोरीचं 379 न लावता 380 लावलं होतं, म्हणजे मालमत्ता ठेवायच्या इमारतीतली चोरी, 7 वर्षांपर्यंतची शिक्षा. दुकानवाल्यांना केस पुढे न्यायची फारशी हौस नव्हती, ते सोडून द्यायला तयार होते. पण साध्या चोरीत मालकाशी तडजोड होते, 380 मध्ये होत नाही. म्हणून तुमच्या समन्सवर कोणतं कलम आहे ते आज रात्रीच बघा.

वकीलबाई मला म्हणाल्या, "तू केलंयस, कॅमेऱ्यात आहेस. मी खोटं लढणार नाही. पण रिकाम्या हाताने कबुली द्यायची नाही." चौदा महिन्यांत नऊ तारखा झाल्या. शेवटी मी गुन्हा कबूल केला, पण त्याबरोबर लेखी अर्ज होता: 1958 च्या अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याच्या कलम 3 खाली समज देऊन सोडावं, आधी एकही शिक्षा झालेली नाही, वस्तू त्याच दिवशी परत गेली, आणि माफीनाम्यातलं ते वाक्य सांगून लिहून घेतलेलं आहे. कोर्टाने परिवीक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल मागवला. ते घरी आले. कोण काय करतं, मी कुणाबरोबर असते, दिवसभर काय करते, सगळं विचारलं. काका तिथेच बसले होते. त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं, "पोरगी सरळ आहे. एकदा घसरली." हे त्यांनी मला स्वतःला कधीच म्हटलेलं नाही.

दीड पानाचा आदेश झाला. शिक्षा नाही, दंड नाही, समज देऊन सोडलं.

त्याच रात्री काका म्हणाले, "शेवटी कबूलच केलंस ना? मग बापाला चौदा महिने कशाला फिरवलंस?" हा प्रश्न ते आजही विचारतात, लग्नाकार्यात भेटले तरी. म्हणून उत्तर इथे पुरं लिहिते. काका, पहिल्या दिवशी हो म्हटलं असतं तर 380 खाली शिक्षा झालेली आरोपी म्हणून माझी नोंद राहिली असती, आणि सोबत माझ्याच अक्षरात 'अनेक वेळा'. कलम 3 खाली सुटल्यावर त्याच कायद्याचं कलम 12 लागतं: दोषी ठरल्यामुळे कायद्याने जी अपात्रता येते ती येत नाही. नोंद पुसली जात नाही, हे खरं. पण 2019 मध्ये नोकरीच्या पडताळणी फॉर्मवर 'गुन्हा दाखल झाला आहे का' याच्यासमोर मी हो लिहिलं आणि आदेशाची प्रमाणित प्रत जोडली. मला बोलावलं, वीस मिनिटं विचारलं, आणि घेतलं. आजही मी तिथेच आहे.

लपवू नका, हेही त्यातच आलं. माहिती दडवली तर काय, यावर सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा अवतार सिंग निकाल आहे. गुन्हा किरकोळ असेल तर मालक ते दडवणं माफ करू शकतो, पण ते त्याच्या मर्जीवर. खरं लिहिलं तरी तो विचार करू शकतो, हेही त्यात आहे. मला खरं लिहिलेलं बरं वाटतं.

तुमच्या बाबतीत कायदा बदललाय, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आहे. साधी चोरी म्हणजे कलम 303(2), 3 वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पण वस्तू 5,000 रुपयांच्या आतली असेल, दोषी ठरण्याची पहिलीच वेळ असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. ही चोरी अदखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत) आणि जामीनपात्र आहे. समाजसेवेच्या शिक्षेला लोक सुटका समजतात. ती शिक्षाच आहे, आधी दोषी ठरवूनच दिली जाते. म्हणून तडजोडीचं आधी विचारा: 303(2) असेल तर वस्तूच्या मालकाला ती करता येते आणि केस तिथेच संपते, दोषी ठरण्याचा प्रश्नच राहत नाही. दुकान तयार आहे का, हे वकिलामार्फत विचारा, स्वतः मॅनेजरकडे जाऊन हात जोडू नका. दुकानातली चोरी म्हणून 305 लावलं असेल, म्हणजे जुनं 380, तर माझ्यासारखी स्थिती. तेव्हा 1958 चा कायदा. तुम्ही 20 चे आहात, त्याच्या कलम 6 प्रमाणे 21 च्या आतल्याला कैद द्यायची तर कोर्टाला कारणं लिहावी लागतात. घरच्यांना हे वाचून दाखवा.

तारीख चुकवू नका. जामिनावर असताना हजर न राहणं हा वेगळाच गुन्हा होतो, वॉरंट निघतं, आणि 1,900 रुपयांच्या केसमध्ये पोलीस दारात येतात. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) टाकला की तारीख दिसते. पासपोर्ट काढायचा असेल तर केस चालू असताना कोर्टाची परवानगी लागेल.

मी वकील नाही, आणि माझी केस जुन्या कायद्यातली. आधीची एखादी शिक्षा असेल, किंवा तुम्ही त्या दुकानात नोकरीला असाल, तर यातलं बरंचसं लागू होत नाही. आणि तुम्ही खरंच ते केलं नसेल, बिल करायचं राहून गेलं असेल, तर कबुलीचा विचारच सोडा. अप्रामाणिक हेतू सिद्ध झाल्याशिवाय चोरी होत नाही, ते सिद्ध करायचं काम सरकारी पक्षाचं.

विधी सेवेच्या कार्यालयात जाताना समन्स, आधार, उत्पन्नाचा दाखला आणि दुकानात काही लिहून दिलं असेल तर त्याचा फोटो घेऊन जा. तारखेच्या आदल्या दिवशी जाऊ नका, उद्याच जा. वकीलपत्र भरायला वेळ लागतो. तोवर पुकारा झाला तर एवढंच म्हणा: "सर, मला वकील हवा आहे."