फिजिकल थेरपिस्ट व्हायचंय, मग मास्टर्स की डॉक्टरेट?

प्रश्न: ताई, मी अमेरिकेत बायॉलॉजी करतेय, शेवटचं वर्ष आहे. फिजिकल थेरपिस्ट व्हायचंय. कोणी म्हणतं मास्टर्स पुरतं, कोणी म्हणतं डॉक्टरेटच हवी. आणि ते ऑब्झर्वेशनचे तास, म्हणजे ॲडमिशनआधी थेरपिस्टचं काम शेजारी राहून बघायचे तास, नुसते फॉर्म भरण्यापुरते असतात का गं?

उत्तर: अगं, मास्टर्स पुरतं हे जुनं झालं. २०१६ पासून तिथली मान्यता देणारी संस्था कॅप्टे फक्त डीपीटी, म्हणजे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी देणाऱ्या कोर्सलाच मान्यता देते. साधारण तीन वर्षं लागतात. डॉक्टरेट म्हटलं की थीसिसची धास्ती वाटते, पण ही पीएचडी नाही, पेशंट तपासायला आणि उभा करायला शिकवणारी पदवी आहे. पुढे एनपीटीई ही लायसन्ससाठीची परीक्षा, २०० ते ८०० च्या स्केलवर ६०० लागतात, आणि मग ज्या राज्यात काम करणार तिथलं लायसन्स.

आता तुझा तासांचा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. किती तास हवेत ते प्रत्येक कॉलेजचं वेगळं असतं, ते बघून घे, पण तास भरायचे म्हणून कोपऱ्यात उभी राहू नकोस. मी शिकत असताना गुडघ्याच्या ऑपरेशनच्या पेशंटचा गुडघा किती वाकतो ते गोनिओमीटरने, म्हणजे दोन दांड्यांच्या कोनमापकाने मोजत होते, एक दांडी मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाच्या उंचवट्याकडे आणि दुसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे धरायची असते, माझी वरची दांडी सरकली आणि कोन चुकला. इन्स्ट्रक्टर काही बोलल्या नाहीत, माझं बोट धरून त्या उंचवट्यावर ठेवलं, म्हणाल्या, "आधी हाड सापडू दे, मग मोज." पेशंट बिचारे दुखत असतानाही थांबले. ते बोटाला कळलेलं हाड कुठल्याच चित्रात सापडलं नव्हतं मला. ॲनाटॉमी पाठ करावीच लागते, खूप लागते, पण ती अशी पक्की होते.

म्हणून कॉलेज निवडताना रँकिंगपेक्षा क्लिनिकल ट्रेनिंग, म्हणजे खऱ्या पेशंटवरचं शिक्षण बघ. फुलटाइम किमान ३० आठवडे तरी करावंच लागतं, ते कुठे आणि कोणाच्या हाताखाली हे महत्त्वाचं. कॉलेजला सरळ विचार, ट्रेनिंगची जागा तुम्ही देता की आम्ही शोधायची, एका इन्स्ट्रक्टरकडे किती विद्यार्थी, हॉस्पिटल, ओपीडी आणि न्यूरो सगळं बघायला मिळतं का. गुळमुळीत उत्तर आलं तर ते कॉलेज यादीत खाली टाक.