बाळाची रात्र, आई-बाबांचा व्यायाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं आहे, रात्री तीन-चारदा उठतं. मी पहाटे साडेपाचला जिम गाठतो, पण महिनाभर वजनं वाढतच नाहीत. काय चुकतंय? (फोंडा)

उत्तर : सध्या ती वाढवायचीही नाहीत. कमावलेली ताकद राखायला आठवड्यातले दोन दिवस पुरतात. अट एकच : सेट कमी करा, वजन शक्यतो तेच ठेवा. समजा, ६० किलोच्या स्क्वॉटचे (खांद्यावर वजन घेऊन उठबस) पाच-पाच वेळांचे पाच सेट चालू आहेत. वाईट रात्रीनंतर दोनच सेट मारा, तेही अजून दोन उठबशा सहज निघाल्या असत्या अशा ठिकाणी थांबून. बहुतेक जण उलटं करतात : वजन निम्मं करून तासभर घाम गाळतात. थकवा पुरेपूर, ताकदीला फायदा थोडा. वॉर्मअपचे ४० किलोच जड लागले, तर त्या दिवशी ५० वर थांबा.

झोप चार तासांच्या आत झाली असेल तर जिम सोडा आणि झोपा. अशा पहाटे वजनाच्या दांड्यापेक्षा अंधारात दुचाकीवर येणारी डुलकी जास्त घातक. प्री-वर्कआउट पावडरीवर (व्यायामाआधी घ्यायची, कॅफिनवाली) भिस्त नको. कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं. संध्याकाळी घेतलंत तर बाळ झोपेल, तुम्ही जागे राहाल.

प्रश्न : सिझेरियनला साडेतीन महिने झाले, टाके भरलेत. मिरामारच्या किनाऱ्यावर धावायला जाऊ का? शिंकलं की थोडी लघवी होते. (पणजी)

उत्तर : गळती थांबेपर्यंत धावणं नको. १२ आठवडे ही किमान मुदत आहे, ती उलटली म्हणजे परवाना मिळाला असं नाही. लघवी रोखताना आवळतात ते स्नायू वर ओढा, दहापर्यंत मोजा, सोडा. असं दहा वेळा, मग दहा झटपट, दिवसातून तीनदा. श्वास कोंडून पोट आत खेचलंत तर दाब खालीच जातो, नेमकी इथेच गफलत होते. प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नका. पेल्विक फ्लोअर (ओटीपोटाच्या तळाचे हेच स्नायू) पाहणाऱ्या फिजिओथेरपिस्टना एकदा दाखवा. खाली काही उतरल्यासारखं जड वाटलं तर लगेच.

अर्धा तास चालणं, मिनिटभर जागच्या जागी धावणं आणि एकेका पायावर दहा उड्या, हे सगळं गळतीशिवाय जमलं की एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला. ओहोटीची ओली, घट्ट वाळू बरी. पण ती उतरती असते, एकच पाय सतत खाली राहतो. म्हणून अर्ध्यातून मागे वळा. निघण्याआधी बाळाला पाजलं की छाती जड वाटत नाही.

प्रश्न : दोन वर्षांची जुळी, नवरा वेर्ण्याला शिफ्टमध्ये. सलग अर्धा तास मिळतच नाही. (मडगाव)

उत्तर : सलग कशाला? दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडेही चालतात. पेज शिजेपर्यंत ओट्याला हात टेकून दहा दंड, खुर्चीवरून पंधरा उठाबशा, पुन्हा तेच. मूल उचलताना एक गुडघा जमिनीला, मूल छातीशी, मग उठायचं. आणि कडेची बाजू बदलत राहा. रात्रपाळीहून आलेल्या नवऱ्याने आधी झोपावं, व्यायाम उठल्यावर.