बँडचा मॅनेजर 20 टक्के मागतोय, द्यावेत का?

पाच जणांचा बँड, महिन्याला दोन-तीन कार्यक्रम, आणि मॅनेजर व्हायला तयार असलेला ओळखीचा माणूस 20 टक्के मागतोय, असं तुम्ही लिहिलंय. मी पुण्यात बँडचीच कामं बघतो. 15 ते 20 टक्के हा चालू दर आहे, त्यामुळे मागणी अवाजवी नाही. बीटल्सचा मॅनेजर ब्रायन एपस्टाइन तर 25 टक्के घ्यायचा. पण टक्के कशावर, हे आधी विचारा.

समजा, एक लाखाची सुपारी आहे आणि प्रवास, राहणं, साउंड इंजिनिअर यात 40 हजार गेले. त्याने पूर्ण लाखावर 20 टक्के घेतले तर तुम्हाला माणशी 8,000 उरतात. खर्च वजा करून घेतले तर 9,600. हे कागदावर हवंच. आणि बिल बँडच्या नावाने जाऊ द्या. त्याच्या नावाने गेलं तर कापलेला टीडीएसही त्याच्याच पॅनवर जमा होतो.

मॅनेजर म्हणजे नुसत्या तारखा आणणारा नव्हे. कॉलेजच्या गॅदरिंगला साडेसहाचा कार्यक्रम पाहुण्यांच्या भाषणांमुळे नऊला सुरू होतो. दहाला लाउडस्पीकर बंद करावाच लागतो. मग संयोजक म्हणतात, चारच गाणी झाली, अर्धेच पैसे घ्या. चांगल्या मॅनेजरने निम्मे पैसे तारीख पक्की करतानाच घेतलेले असतात, उरलेले तो स्टेजवर चढण्याआधी घेतो, आणि उशीर संयोजकांचा असेल तर मानधन पूर्ण, हे करारात लिहून घेतो. दुपारी साउंडचेकला तो स्वतः हजर असतो. ड्रमरला मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याला स्टेजवर आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेला स्पीकर, नाही म्हणून भांडायचं ते त्याने. गाणाऱ्याने तेव्हा गळा जपायचा. असा माणूस असेल तर 20 टक्के खुशाल द्या.

गाण्यांच्या हक्कांवर मात्र अडून बसा. ज्याने गाणं लिहिलं, चाल लावली, त्याने स्वतःच्या नावाने आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्यावं. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा मॅनेजरला किंवा कंपनीला लिहून घेता येत नाही. करारात तसं कलम दिसलं तर सही करू नका.

करार एक वर्षाचाच करा. सध्या तुमचे कार्यक्रम तुमच्याच ओळखीतून येत असतील, तर पहिले सहा महिने फक्त त्याने आणलेल्या कामांवर टक्के द्या, असं सुचवून बघा.