अडुसष्टात एक

ताई, मी ३९ वर्षांची, सांगलीत बँकेत नोकरीला आहे. लग्न पस्तिशीत झालं. एकदा नवव्या आठवड्यात गर्भपात झाला, मग आयव्हीएफ. स्त्रीबीजं ३७व्या वर्षी काढली होती. दुसऱ्या खेपेला फ्रोझन एम्ब्रियो ठेवला आणि दिवस राहिले. सोनोग्राफी चांगली आली, एनटी, म्हणजे बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी, १.९ मिलिमीटर आहे, नाकाचं हाडही दिसतंय. पण डबल मार्कर या रक्ततपासणीत डाउन सिंड्रोमसाठी 'हाय रिस्क' आलं, १:६८. डॉक्टर म्हणाल्या, "अम्नियो करून घ्या," म्हणजे पोटातून सुई घालून बाळाभोवतीचं पाणी तपासायचं, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. सासूबाई म्हणतात, पोटात सुई घालायची नाही, नरसोबाच्या वाडीला जाऊन ये. ग्रहणात मी भाजी चिरली होती, त्याचंच हे, असं त्यांना वाटतं. नणंद म्हणते, एवढ्या उशिरा म्हटल्यावर दुसरं काय होणार. नवरा म्हणतो, तू म्हणशील ते. सुई घेतली आणि त्यातच सगळं गेलं तर? नाही घेतली आणि तसं मूल झालं तर? आमच्या मागे त्याला कोण? मी नोकरी, प्रमोशन करत बसले, त्याची ही शिक्षा आहे का? आज तेरा आठवडे पूर्ण झाले.
(नाव न छापण्याची विनंती)

तुझं पत्र छापून येईपर्यंत सोळावा आठवडा उलटला असता, म्हणून हे उत्तर तुला आधीच पाठवलं. इथे तुझ्या परवानगीने देतेय, कारण अशी पत्रं आता दर महिन्याला येतात. वयाने तुझ्याहून मोठी आहे, तेव्हा 'तू' म्हणते.

शिक्षेचं आधी निकालात काढू. डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. बहुतेक वेळा ही चूक स्त्रीबीज तयार होतानाच झालेली असते, म्हणजे गर्भ राहण्याच्याही आधी. तू काय खाल्लंस, किती धावपळ केलीस, ग्रहणात काय चिरलंस, याचा तिथे काही संबंध पोचत नाही. वयाचा संबंध आहे, तो नाकारणार नाही. पंचविशीत ही शक्यता साधारण साडेबाराशे बाळंतपणांत एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक. पण नणंदबाईंना हेही सांग की अशी बरीचशी मुलं पस्तिशीच्या आतल्या आयांनाच होतात, कारण मुळात बाळंतपणं त्याच वयात जास्त. त्या सगळ्या आया काय प्रमोशन करत बसल्या होत्या?

आता तो आकडा. तुझ्यासारखाच रिपोर्ट हातात असलेल्या ६८ जणी एखाद्या कार्यालयात हळदीकुंकवाला जमल्या आहेत असं समज. त्यांतल्या ६७ जणींच्या पोटातल्या बाळाला डाउन सिंड्रोम नाही. एकीच्या आहे. ती एक कोण, हे डबल मार्करला कळत नाही. अडीचशेत एकाहून जास्त शक्यता दिसली की बहुतेक लॅब लाल अक्षरांत 'हाय रिस्क' छापतात आणि वाचणारीला वाटतं, निकाल लागला. निकाल अजून लागलेला नाही. मात्र 'काही होत नाही गं, माझ्या वहिनीचंही असंच आलं होतं' म्हणणाऱ्यांचंही ऐकू नकोस. अडुसष्टात एक म्हणजे दुर्लक्ष करण्याइतकं कमी नाही. पुढची तपासणी करायला हवी, एवढाच त्याचा अर्थ.

त्याआधी एक काम घरबसल्या कर. रिपोर्टचं पहिलं पान काढ, जिथे तुझी माहिती भरलेली असते. वजन बरोबर आहे का? मधुमेह असेल तर त्याची नोंद आहे का? आयव्हीएफच्या रकान्यात खूण आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचं, वय कोणतं धरलंय? तुझी बीजं ३७व्या वर्षी काढली होती, तर हिशेबात ३७ यायला हवेत. फॉर्म भरणाऱ्याने आधार कार्ड बघून ३९ टाकले असतील तर शक्यता उगाच फुगलेली असू शकते. दोन एम्ब्रियो ठेवले होते आणि एकाचीच वाढ झाली, असं काही असेल तर तेही सांगायला हवं. डबल मार्करवरही त्याचा परिणाम होतो आणि पुढच्या तपासणीवरही. चूक सापडली तर लॅब त्याच रक्ताच्या आकड्यांवर नव्याने हिशेब करून देते. आकडा खाली येईलच असं नाही. पण ज्या आकड्यापायी तुझी झोप उडाली आहे, तो निदान बरोबर तरी असू दे.

आता सुई. तुझ्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला चुकीचा नाही, पण दोन मिनिटांत द्यायचा तो सल्ला नव्हे. तुझ्यापुढे मधला एक टप्पा आहे, त्याचं नाव तरी त्यांनी घ्यायला हवं होतं. एनआयपीटी, म्हणजे दंडातून रक्त घेऊन केलेली तपासणी. वारेतून सुटलेले डीएनएचे तुकडे आईच्या रक्तात फिरत असतात, ते यात तपासतात. पोटाला हात लागत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या शंभर गर्भांपैकी ९९ तरी ही तपासणी पकडते. दहाव्या आठवड्यानंतर कधीही करता येते, रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतात, खर्च लॅबप्रमाणे दहा ते पंचवीस हजारांच्या घरात. तुझी एनटी साडेतीन मिलिमीटरच्या वर असती किंवा सोनोग्राफीत काही व्यंग दिसलं असतं, तर मी म्हटलं असतं, इथे पैसे आणि दिवस घालवू नकोस, सरळ अम्नियो कर. तुझं तसं नाही. शिवाय अम्नियो सोळाव्या आठवड्याच्या सुमारास करतात. वारेचा तुकडा घेऊन करायची दुसरी तपासणी असते, तिची मुदत तुझ्या बाबतीत संपत आली आहे. म्हणजे तीन आठवडे तसंही थांबायचंच आहे. त्या काळात एनआयपीटी होऊन जाते.

ती चांगली आली, तर शक्यता इतकी खाली जाते की बहुतेक जणी तिथेच थांबतात आणि १८ ते २० आठवड्यांच्या अनोमली स्कॅनकडे, म्हणजे बाळात काही व्यंग आहे का ते बघणाऱ्या सोनोग्राफीकडे, वळतात. मी तुझ्या जागी असते तर मीही तिथेच थांबले असते. पण शंभर टक्के खात्रीशिवाय राहवणारच नाही असं वाटत असेल तर तशीही अम्नियो मागता येते. एनआयपीटी वाईट आली, तर मात्र तिच्या भरवशावर कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. वारेत असलेला दोष बाळात नसतो, असंही कधीकधी निघतं. तिथे अम्नियोला पर्याय नाही.

सुईची भीती कळते मला, पण ती कशी असते हे नीट माहीत असू दे. टेबलावर आडवं झोपायचं, पोट बेटाडीनने पुसतात. सोनोग्राफीचा प्रोब पोटावरच असतो आणि पडद्यावर बाळ आणि सुईचं टोक, दोन्ही एकाच वेळी दिसतात. बाळापासून लांबची पाण्याची मोकळी जागा बघून बारीक लांब सुई तिथे नेतात आणि १५ ते २० मिली, म्हणजे तीन-चार चमचे, फिकट पिवळसर पाणी ओढून घेतात. सुई आत असते ती मिनिट-दोन मिनिटं. पाळीत येते तशी कळ येते. गेलेलं पाणी बाळ पुन्हा भरून काढतं. तुझा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनची आठवण तूच कर. पुढचे एक-दोन दिवस जड उचलायचं नाही. पाणी गळलं, रक्त दिसलं, ताप आला तर लगेच फोन. या तपासणीमुळे गर्भ जाण्याची शक्यता अनुभवी हातांत दोनशेत एकाहून कमी, आणि अलीकडे तर हजारात एक ते तीन इतकीच धरतात. शून्य नाही. 'अनुभवी' हा शब्द मी जपून वापरलाय: नेहमीच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये नव्हे, फीटल मेडिसिनचे, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या तपासणी-उपचारांचे, तज्ज्ञ जिथे हे रोज करतात तिथेच जा, मग त्यासाठी पुण्याची एक खेप पडली तरी चालेल. पाण्याच्या तपासणीत डाउन सिंड्रोमसारखे गुणसूत्रांचे मोठे दोष दोन-चार दिवसांत कळतात, संपूर्ण रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात.

एक सूचना. या लॅब रात्री साडेनऊला रिपोर्टची पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकून मोकळ्या होतात. या वेळी आधीच सांगून ठेव, रिपोर्ट डॉक्टरांकडे जाऊ दे, आणि तो ऐकायला जायचा दिवस तुम्ही दोघांनी ठरवा.

घरात कुणी हळूच विचारेल, एवढं डीएनए तपासतात तर 'ते'ही कळत असेल ना? लिंगनिदान गुन्हा आहे. देशाचा कायदा १९९४चा, आणि महाराष्ट्राने तर त्याआधी, १९८८ मध्येच स्वतःचा केला होता. भारतातल्या एनआयपीटीच्या रिपोर्टवर मुलगा-मुलगी लिहीत नाहीत. विषय संपला.

आणि अम्नियोतही डाउन सिंड्रोमच निघाला तर? हा प्रश्न रिपोर्ट येण्याआधी दोघांनी बोलून घ्या, कारण नंतर डोकं चालत नाही. काय करायचं ते मी सांगणार नाही, ते सासूबाईंनी किंवा डॉक्टरांनीही सांगायचं नाही. गर्भपाताचा कायदा १९७१चा, २०२१ मध्ये बदललेला: वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं, गर्भात गंभीर दोष असेल तर चोवीसपर्यंत दोघांचं, त्यापुढे वैद्यकीय मंडळ. सही फक्त तुझी लागते. नवऱ्याचीही नाही. तेव्हा तारखांचं ओझं आत्ता डोक्यावर घेऊ नकोस, वेळ आहे.

मूल ठेवायचं ठरलं तर काय, याचं चित्र मात्र ऐकीव गोष्टींवरून काढू नकोस. डाउन सिंड्रोमची मुलं उशिरा चालतात, उशिरा बोलतात, बुद्धीची वाढ बहुतेकांत सौम्य ते मध्यम मागे असते. किती मागे, हे गर्भात असताना कुठलीच तपासणी सांगू शकत नाही. निम्म्या मुलांना हृदयाचा दोष असतो, त्यातला बराचसा शस्त्रक्रियेने दुरुस्त होतो. थायरॉईड, कान, डोळे सतत तपासावे लागतात. आज चांगली वैद्यकीय सोय मिळालेली ही माणसं साठीपर्यंत जगतात, आणि तुझा 'आमच्या मागे कोण' हा प्रश्न नेमका इथूनच येतो. तो खरा आहे. मूल तिशीत येईल तेव्हा तुम्ही सत्तरीत असाल. त्यावर गोड बोलून पांघरूण घालणार नाही. एवढंच सांगते, की उत्तराची सुरुवात कुठून होते ते माहीत असू दे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती अशा सज्ञान व्यक्तीला कायदेशीर पालक नेमून देते. त्याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. मुंबईत जय वकील, पुण्यात कामायनी अशा संस्था कित्येक वर्षं या मुलांबरोबर काम करताहेत. तिथे जाऊन तासभर बस, एखाद्या आईशी बोल. सोपे दिवस कोणते आणि कठीण कोणते, ते ती तुला सरळ सांगेल. ते ऐकून तू 'हे मला पेलेल' म्हणशील किंवा 'नाही पेलणार' म्हणशील. दोन्ही म्हणणाऱ्या बायका मला पत्रं लिहितात, आणि दोघींपैकी कुणालाही मी कमी लेखलेलं नाही.

सासूबाईंशी वाद घालत बसू नकोस. वाडीला जावंसं वाटतं तर जा, नदीकाठी दोन घटका बसूनही मनाला बरं वाटतं. पण सुईचा निर्णय दत्ताच्या देवळात होणार नाही आणि जेवणाच्या टेबलावर तर मुळीच नाही. यापुढचे रिपोर्ट घरात कुणाला सांगायचे नाहीत, असं दोघांनी ठरवा. कुणी विचारलं की 'तपासण्या चालू आहेत', बस.

राहिला नवरा. 'तू म्हणशील ते' ऐकायला किती समजूतदार वाटतं! पण त्यात सगळं तुझ्या गळ्यात पडतं, आणि उद्या काही बिनसलं तर 'मी कुठे काय म्हटलं होतं' म्हणायला तो मोकळा. तो घाबरलाय, हे उघड आहे. गप्प राहणं ही त्याची पद्धत असेल. त्याला चर्चा नको, काम दे. तज्ज्ञांची वेळ तो घेईल, लॅबशी फॉर्मबद्दल तो बोलेल, आईला आणि बहिणीला तो आवरेल. आणि एका संध्याकाळी गाडीत बसवून विचार: तुला काय हवंय, माझ्या उत्तराआधी. त्याचं उत्तर तुझ्यासारखं नसेलही. ते आत्ता कळलेलं बरं.

आणखी एक, जे तुझ्या गडबडीत राहून जाईल. तू पाठवलेल्या रिपोर्टच्या फोटोत तुझं पॅप-ए, म्हणजे वारेतून आईच्या रक्तात येणारं एक प्रथिन, नेहमीच्या मधल्या आकड्याच्या ०.३८ पट दिसतंय. हे कमी आहे. गुणसूत्रं अगदी व्यवस्थित निघाली तरी पॅप-ए कमी असलेल्या काही बायकांचं पुढे बीपी वाढतं किंवा बाळाची वाढ मंदावते. वय आणि आयव्हीएफ, दोन्ही त्याच बाजूला झुकतात. म्हणून डॉक्टरांना विचार, मला कमी डोसची ॲस्पिरिन लागेल का, आणि शेवटच्या तिमाहीत वाढीचे जादा स्कॅन लागतील का. प्रश्न याच आठवड्यात विचार. ती गोळी द्यायची असेल तर सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करतात, आणि मेडिकलमधून मनाने आणून घ्यायची नाही.