सगळ्याच मिररवर सिग्नेचर एरर येतोय; ‘ट्रस्टेड=यस’ टाकून पुढे जाऊ का?

नका टाकू, त्याने सहीची तपासणीच बंद होते. कोथरूडच्या होस्टेलवर उबुंटू (लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टीम) अपडेट करताना तुम्ही वेगवेगळे मिरर (उबुंटूच्या फाइलींच्या प्रती ठेवणारे सर्व्हर) लावून पाहिलेत आणि प्रत्येकावर सही पडताळता आली नाही, असं लिहिलंय. निम्मं उत्तर त्यातच आहे. सही मिररवाल्याची नसतेच. उबुंटू स्वतःच्या किल्लीने ‘इनरिलीज’ फाइलवर सही करतं. त्या फाइलमध्ये पॅकेजांच्या (सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांच्या) याद्यांचे हॅश, म्हणजे मजकूर बदलला की बदलणारे ठसे, असतात आणि याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा. मिरर नुसता पोस्टमन, पाकिटावरचं सील पाठवणाऱ्याचं. सगळे मिरर एकदम बिघडणं कठीण, म्हणून दोष आपल्या बाजूला शोधायचा.

एररमध्ये ‘नोस्प्लिट’ आहे का बघा. मला जास्त संशय त्याचाच. होस्टेल-पीजीच्या वाय-फायला ब्राउझरमधून लॉगिन लागतं आणि उबुंटूचे मिरर बहुधा साध्या, एन्क्रिप्शन नसलेल्या एचटीटीपीवर चालतात. लॉगिनची मुदत संपली की ॲप्टने (पॅकेजं उतरवून बसवणारं उबुंटूचं साधन) मागितलेल्या फाइलऐवजी लॉगिनचं पानच येतं. त्यावर सही कुठून असणार? आधी लॉगिन करा, मग अपडेट.

‘बॅडसिग’ म्हणजे सही आहे, पण मजकुराशी जुळत नाही. मधल्या प्रॉक्सीने (नेटवर्कवरचा मध्यस्थ सर्व्हर) जुनी प्रत साठवलेली असू शकते. ‘/व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स’ मधल्या फाइली काढा आणि मोबाइल हॉटस्पॉटवर पुन्हा अपडेट चालवा.

‘नॉट व्हॅलिड येट’ आलं, म्हणजे फाइलची तारीख मशीनच्या घड्याळाच्या पुढची निघाली, तर घड्याळ बघा. मी सांभाळतो त्या लॅबमधल्या जुन्या मशीनचा सीमॉस सेल (मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा छोटा सेल) संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सीआर२०३२ सेल आणून बसवला की काम होतं. फरक साडेपाच तासांच्या आसपास असेल तर सेल ठीक आहे, मशीन यूटीसीलाच (जागतिक प्रमाणवेळ) भारतीय वेळ समजतंय.

‘नो पबकी’ म्हणजे सही तपासायची किल्ली मशीनवर नाही; हे बहुतेकदा बाहेरून जोडलेल्या रेपॉझिटरीमुळे (पॅकेजांचा साठा) येतं. किल्ली त्यांच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, फिंगरप्रिंट (किल्लीची ओळख पटवणारा क्रमांक) जुळवा, ‘/इटीसी/ॲप्ट/कीरिंग्स’ मध्ये ठेवा आणि त्याच रेपॉझिटरीच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ने जोडा. जुन्या लेखांतलं ‘ॲप्ट-की ॲड’ कृपया वापरू नका. तशी घातलेली किल्ली सगळ्या रेपॉझिटरींना लागू होते, म्हणजे कुठल्याशा ॲपवाल्याची सही उबुंटूच्या मूळ पॅकेजांनाही चालते. किल्ली खरोखर बदलतेही: २०२५च्या एप्रिलमध्ये काली लिनक्सने जुनी किल्ली हाताशी न राहिल्यामुळे नवी आणली आणि ती घेईपर्यंत लोकांचं अपडेट अडलं. पण तसं झालं की अधिकृत साइटवर जाहीर होतं.

‘ट्रस्टेड=यस’ने त्या रेपॉझिटरीसाठी ही तपासणीच उठते. साध्या एचटीटीपीवर, शेकडो जण वापरतात त्या वाय-फायवर, मधला कुणीही तुमच्या हाती त्याचं पॅकेज देऊ शकतो, आणि पॅकेजची इन्स्टॉल स्क्रिप्ट रूट म्हणून, म्हणजे मशीनवरच्या सगळ्या अधिकारांनी, चालते. हॉटस्पॉटवरही ‘बॅडसिग’ कायम राहिलं तर काही इन्स्टॉल न करता एररची पूर्ण ओळ इथे टाका.